पुढें चालू

गेल्या आषाढांत नेरच्या बसस्थानकावर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत मी उभा होतों. पाऊस नुकताच उघडला होता. बांकावर माझ्या वर्गांतील एक विद्यार्थिनी मोबाईलमध्यें डोळे खुपसून बसली होती. मला पाहतांच ती उठून उभी राहिली.

“काय वाचतेस?” मीं सहज विचारलें.

“कादंबरी, सर. रोज रात्रीं एक भाग येतो. कालचा राहिला होता.”

लेखकाचें नांव तिनें सांगितलें. तें मीं कधीं ऐकलेलें नव्हतें. एक भाग केवढा असतो, असें विचारलें तर ती म्हणाली, “दहा मिनिटांचा.” पानें नव्हेत, मिनिटें! इतक्यांत गाडी आली आणि आमचें बोलणें तेवढ्यावरच थांबलें.

खरें सांगावयाचें तर या प्रकारच्या वाचनाची मीं वर्गांत पुष्कळदां थट्टा केली आहे. आमची पिढी जाड पुस्तकांवर पोसलेली. एकदां पुस्तक हातीं धरलें कीं शेवटचें पान उलटीपर्यंत तें खालीं ठेवावयाचें नाहीं, यांत आम्हांला पुरुषार्थ वाटे. दहा मिनिटांच्या तुकड्यांनीं वाचणारा मनुष्य म्हणजे रानांतून जातांना बोरें तोडीत चालणारा. त्याला जेवण म्हणावयाचें कसें, असा माझा प्रश्न असे. परंतु त्या दिवशीं गाडींत बसल्याबसल्या मला एकाएकीं माझ्या आईची आठवण झाली, आणि आपण ज्याला आजचा चाळा म्हणून हिणवितों तो वास्तविक किती जुना आहे, हें तपासून पाहावें असें मनांत आलें. त्या तपासाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझी आई मराठी चार इयत्ता शिकलेली होती. तिनें एकहि कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली असेल असें मला वाटत नाहीं. परंतु दर वर्षीं आषाढी एकादशीला ती बासन सोडून श्रीधरांचा हरिविजय बाहेर काढी. ओसरीवर शेजारपाजारच्या चार बायका जमत, आणि आई ठरलेला भाग हेल काढून वाची. हरिविजयाचे अध्याय छत्तीस आणि चातुर्मास चार महिन्यांचा. तेव्हां घाई करण्याचें कारणच नसे. अध्याय संपला कीं पोथींत मोरपीस घालून ती मिटावयाची. कृष्ण कालियाच्या डोहांत उडी घेणार तेवढ्यांत वाचन थांबलें, तर आम्ही मुलें हट्ट धरीत असूं, “आणखी थोडें वाच ना!” त्यावर तिचें उत्तर ठरलेलें असे : “उद्याचं उद्या.” कथा सर्वांना पाठ होती, डोहांतून कृष्ण वर येणार हें आम्हांलाहि माहीत होतें. तरी दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही आधींच येऊन बसत असूं.

ही वाचनाची पद्धति एकट्या माझ्या घरची नव्हती. श्रावणांत वाराप्रमाणें कहाण्या, मार्गशीर्षांत दत्तजयंतीपूर्वीं सात दिवसांचें गुरुचरित्राचें पारायण, शिवरात्रीला शिवलीलामृत, असें आमच्या घराघरांतील वाचनाचें पंचांगच ठरलेलें होतें. कोणत्या ऋतूंत काय वाचावयाचें, किती वाचावयाचें आणि कोठें थांबावयाचें, हें वाचणाऱ्याच्या लहरीवर सोडलेलें नसे. ओवीबद्ध ग्रंथकारांनींहि ही गोष्ट ओळखली होती. अध्यायाच्या अखेरीस पुढील अध्यायांतील कथा सुचवून श्रोत्यांस उद्यांचें आमंत्रण द्यावयाचें, ही त्यांची नेहमींची रीत होती.

लहान तुकड्यांचें वाचन तर याहूनहि जुनें आहे, आणि त्याचा उगम आमच्या वऱ्हाडांतच दाखवितां येतो. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें म्हाइंभटांनीं १२७८ च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठींतील हा आद्य गद्यग्रंथ; पण त्याची घडण कशी आहे? एकेक लीळा स्वतंत्र. कांहीं पानभर, तर कांहीं चार-सहा ओळींत आटोपणाऱ्या. कोठूनहि उघडावें, एक लीळा वाचावी आणि विचार करीत बसावें. केसोबासांच्या दृष्टांतपाठांत असेच ११४ दृष्टांत आहेत. जो लहानसा लेखनप्रकार आपण आज नवा म्हणून समजतों, त्यानेंच मराठी गद्याचा पाया घातला आहे. थोडें वाचणें म्हणजे उथळ वाचणें, हें माझें मत या एका उदाहरणानेंच लंगडें पडलें.

आतां छापखान्याच्या काळाकडे वळूं. इंग्लंडांत चार्ल्स डिकन्स यानें १८३६ च्या वसंतापासून पुढील वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत ‘पिक्विक पेपर्स’ ही कादंबरी महिन्याच्या भागांनीं प्रसिद्ध केली. दर भागाची किंमत एक शिलिंग. आरंभीं ती कोणी फारशी विचारली नाहीं. अखेरीस एकेका भागाच्या चाळीस हजार प्रती खपूं लागल्या. संपूर्ण पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेला कारकून महिन्याला एक शिलिंग खर्चूं शकत होता, हें या यशाचें एक मर्म होय. फ्रान्समध्येंहि त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या तळाशीं कादंबऱ्या चालूं लागल्या होत्या.

आमच्याकडे ही वाट मासिकांनीं पाडली. १८६७ सालीं मुंबईस ‘विविधज्ञानविस्तार’ निघालें, आणि त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्यांतूनच भागशः येऊं लागली. पुस्तकरूपानें ती १८७१ सालीं निघाली. १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक. लेखन जवळजवळ सारें एकहातीं. त्यांतील दीर्घ निबंध अनेक अंकांतून चालत. निबंधासारखा रुक्ष समजला गेलेला प्रकारहि लोक महिनाभर वाट पाहून वाचूं शकतात, हें मालेनें दाखवून दिलें.

या वाचनामागें टपालखात्याचा केवढा हात होता, तें सहसा कोणी सांगत नाहीं. व्ही. पी. ची पद्धति हिंदुस्थानांत १८७७ सालीं आली आणि मनिऑर्डर १८८० सालीं. या दोन सोयींमुळें पुण्यामुंबईच्या संपादकाला दूर वऱ्हाडांतील वर्गणीदार मिळूं शकला. त्या काळीं आमचें नेर दारव्हा तालुक्यांत मोडे, आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी, आणि आतां बंद पडलेली, ती लहान आगगाडी पुढें आली. तीहि कापसासाठीं आणि नेरला बगल देऊन. अशा गांवच्या मास्तराला किंवा वकिलाला संपूर्ण ग्रंथालय मिळणें अशक्य. परंतु वर्षाची वर्गणी भरली कीं महिन्याचा अंक टपालाच्या थैलींतून दारीं येई. ग्रंथ त्याच्यापर्यंत जाऊं शकत नव्हता. ग्रंथाचे तुकडे जाऊं शकत होते.

या साऱ्या इतिहासाचा कळस म्हणजे हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ हें साप्ताहिक. तें १८९० सालीं पुण्यास निघालें तेव्हां हरिभाऊ अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी याच करमणुकींतून १८९० पासून १८९३ पर्यंत थोडी थोडी येत राहिली. महाविद्यालयांत असतांना परीक्षेसाठीं म्हणून मीं ती दोन दिवसांत वाचून संपविली होती. शेवटीं शेवटीं डोळे ओलावले, आणि मग मी टिपणें काढावयास बसलों.

बसस्थानकावरील त्या भेटीनंतर मीं एक प्रयोग करावयाचें ठरविलें. कादंबरी जशी मूळ वाचकांच्या हातीं पडली, तशी ती वाचून पाहावयाची. हक्क संपलेलीं जुनीं मराठी पुस्तकें आतां इंटरनेटवर फुकट मिळतात. तेथून ती मोबाईलवर उतरून घेतली आणि दर शनिवारीं रात्रीं एकच प्रकरण वाचूं लागलों. पुढें कितीहि ओढ लागली तरी पुढच्या शनिवारपर्यंत थांबावयाचें, असा नेम केला.

पहिल्या दोन महिन्यांतच माझ्या ध्यानांत आलें कीं, ही मीं पूर्वीं वाचलेली कादंबरी नव्हेच. यमू आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. दोन दिवसांत वाचली तेव्हां ती मला एका सामाजिक प्रश्नाचें उदाहरण वाटली होती. आठवड्यागणिक भेटूं लागली तेव्हां ती माहेरवाशिणीसारखी घरांत वावरूं लागली. मी वाचलेलें घरीं सांगूं लागलों; जेवतांना पत्नी विचारी, “यमूचं पुढं काय झालं?” तिचें बालपण, लग्न, सासर हें सारें पुढें सरकत असतां आमच्याकडे पेरण्या झाल्या, पोळा झाला, गणपति बसले आणि उठले. तिच्या कपाळीं पुढें वैधव्य आणि सक्तीचें केशवपन लिहिलेलें आहे, हें मला ठाऊक होतें. आणि तरीहि तें येऊं नये असें मला प्रत्येक शनिवारीं वाटत होतें.

मग मनांत विचार आला : १८९१ च्या वाचकाचें काय झालें असेल? त्याला तर पुढचें ठाऊकच नव्हतें! आणि तें वर्ष कोणतें? मलबारींच्या १८८४ मधील टिपणांपासून पेटलेला बालविवाहाचा वाद त्या वर्षीं टिपेस पोंचला होता. १८९१ च्या मार्चमध्यें संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा करण्यांत आली. टिळक कायद्याच्या विरुद्ध, रानडे-भांडारकर बाजूनें. सभांतून आणि पत्रांतून नुसता रणसंग्राम माजलेला. त्या धामधुमींत जो गृहस्थ सकाळीं वर्तमानपत्रांत शास्त्रार्थ वाचून तावातावानें बोलत असेल, त्याच्याच घरीं त्याच आठवड्यांत यमूचें एक प्रकरण येऊन पडत होतें. बायकांना कायद्याच्या सभेंत जागा नव्हती. पण करमणुकीचा अंक माजघरांत जात होता. वादांत मनुष्य प्रतिपक्षाला उत्तर देतो. पुढच्या आठवड्यांत पुन्हां भेटणाऱ्या मुलीला उत्तर देतां येत नाहीं. तिचा विचार सातहि दिवस करावा लागतो. ही कादंबरी प्रथमच जाड पुस्तकाच्या रूपानें निघाली असती तर तिनें रडविलें खास असतें. परंतु तीन वर्षें ती घरांत राहिली नसती.

माझ्या मतें हप्त्याहप्त्याच्या वाचनाचें सामर्थ्य हप्त्याच्या लहानपणांत नाहीं; दोन हप्त्यांच्या मधल्या दिवसांत आहे. त्या दिवसांत वाचलेलें मुरतें, दुसऱ्याशीं बोललें जातें, स्वतःच्या घराशीं ताडून पाहिलें जातें. आईचें “उद्याचं उद्या” आणि करमणुकीचा आठवडा हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें होत.

हरिभाऊंनीं या साप्ताहिकांतून दुसरीहि एक कामगिरी केली. एका अंकांत संपणाऱ्या ‘स्फुट गोष्टी’ ते लिहूं लागले, आणि मराठी लघुकथेला तेथून दिशा मिळाली. दुष्काळावरील त्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट वाचणारास, चार घटकांत संपणारें लिखाण किती जड असूं शकतें, तें निराळें सांगावें लागत नाहीं. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडहि होरपळून निघाला होता. त्या पिढीच्या येथील वाचकांनीं ती गोष्ट केवळ गोष्ट म्हणून वाचली नसेल.

ऋतूचें वाचनहि छापखान्यानें उचललें. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं ‘मासिक मनोरंजन’ काढलें आणि १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध केला. मराठींतील दिवाळी अंकांची परंपरा तेथून धरतात. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळच्या खास अंकांचा नमुना त्यांच्यापुढें होता. परंतु कलम परकें असलें तरी खुंट आमचाच होता. ज्या समाजाला सणाबरोबर कहाणी ऐकण्याची शेंकडो वर्षांची संवय, त्याला फराळाच्या ताटाशेजारीं अंक ठेवण्यास शिकवावें लागलें नाहीं. पुढें १९२८ सालीं कथेलाच वाहिलेलें ‘यशवंत’ आलें, १९३३ सालीं ‘सत्यकथा’ आली. सत्यकथा १९८२ सालीं बंद पडली. पण शंभरांवर वर्षें लोटलीं तरी दिवाळी अंक निघतच आहेत.

आमच्या भागांत मात्र दिवाळी अंकाची गति जरा निराळी. दिवाळी म्हणजे कापसाच्या वेच्याचे दिवस. ‘सीतादही’ करून पहिली वेचणी सुरू झाली कीं शेतकऱ्याच्या घरीं कोणाला मान वर करावयास फुरसत नसते. त्यामुळें नेरसारख्या गांवांत दिवाळी अंक खरा वाचला जातो तो दिवाळी उलटून गेल्यावर. वाचनालयाकडे थोडी वर्गणी भरावयाची आणि दोन-तीन महिने एकामागून एक अंक घरीं न्यावयाचे, ही महाराष्ट्रभर चालणारी पद्धति येथल्या शिक्षकांच्या आणि नोकरदारांच्या घरांत मीं लहानपणापासून पाहिली आहे. अंक आपल्या हातीं येईपर्यंत त्याचें मुखपृष्ठ सुटलेलें असे आणि एकाद्या पानावर हळदीचें बोट उमटलेलें असे. आपल्या आधीं तो कोणीतरी स्वयंपाकघरांत वाचला आहे, एवढें त्या बोटावरून कळे.

या जुन्या पद्धतीचे दोष झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पुढचा अंक भरावयाचा म्हणून कथानकास पाणी घालण्यांत येई. कित्येक कादंबऱ्या सुरू झाल्या त्या कधीं संपल्याच नाहींत. स्वतः हरिभाऊंच्याहि कांहीं अपूर्ण राहिल्या. वर्गणी थकवावयाची आणि व्ही. पी. आली म्हणजे परत करावयाची, हा आमचा राष्ट्रीय गुण तेव्हांहि प्रसिद्ध होता. दिवाळी अंकांत जाहिराती वाढल्या आणि पुष्कळ लिखाण केवळ पानें भरण्यापुरतें होऊं लागलें. जुनें तेवढें सोनें, असें म्हणण्यासाठीं मीं लेखणी उचललेली नाहीं.

आतां आजच्याकडे येऊं. १९९६ सालीं परदेशांतील मराठी मंडळींनीं ‘मायबोली’ हें संकेतस्थळ काढलें, आणि कालांतरानें तेथें दिवाळी अंकहि निघूं लागला. २०१४ सालीं बंगळूर येथें सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’वर अनेक देशी भाषांबरोबर मराठींतहि कथा-कादंबऱ्या भागाभागांनीं येतात. लिहिणारांत गृहिणी आहेत, शिक्षक आहेत, तालुक्याच्या गांवीं राहणारीं मुलें आहेत. यांतील बरेंच लेखन सामान्य आहे, हें मी वाचून सांगतों. परंतु करमणुकीच्या काळींहि छापलें गेलेलें सारेंच लेखन हरिभाऊंचें नव्हतें. टपालाच्या थैलीनें जें काम त्या वेळीं केलें, तेंच हा मोबाईल आज करीत आहे. ज्या घरीं पुस्तकांचें कपाट नाहीं, तेथें तो गोष्ट नेऊन पोंचवितो. या बाबतींत माझी थट्टा चुकीची होती, हें मला कबूल केलें पाहिजे.

परंतु एका बाबतींत माझ्या मनांतील शंका गेलेली नाहीं, उलट वाढली आहे. या नव्या वाचनांत भाग परत आला, पण मधला दिवस टिकेल कीं नाहीं, हा प्रश्न आहे. कित्येक ठिकाणीं अशी सोय आहे कीं, थोडे पैसे भरले म्हणजे उद्यां उघडणारा भाग आजच उघडतो. मित्रांच्या किंवा हरिभाऊंच्या वर्गणीदाराला अंक विकत मिळे. उद्यांचा दिवस विकत मिळत नसे. गर्भश्रीमंत वाचकालाहि पुढच्या अंकापर्यंत थांबावेंच लागे, आणि त्याच्याबरोबर त्याचा कारकूनहि थांबे. सर्वांनीं एकाच ठिकाणीं थांबल्यामुळें सर्वांना एकमेकांशीं बोलतां येई. जो तो आपापल्या पैशानें आणि आपापल्या वेगानें पुढें गेला तर वाचन पुष्कळ होईल. पण ओसरीवर जमण्यास कारण उरणार नाहीं. शिवाय एक भाग संपतांच दुसरी कथा आपण होऊन पुढें सरकते. मोरपीस ठेवावयास उसंतच मिळत नाहीं.

दिवाळीच्या सुटीनंतर ती विद्यार्थिनी पुन्हां भेटली. कादंबरी संपली का, म्हणून मीं विचारलें. “नाहीं सर, अजून चालू आहे,” ती म्हणाली. पैसे भरून पुढचे भाग वाचतां येतात ना, असें मीं मुद्दाम विचारलें. ती हंसली.

“येतात. पण आमच्या घरीं मी मोठ्यानं वाचतें आणि आई-आजी ऐकतात. दिवसभर वेचायला जातात, रात्रीं तेवढाच वेळ असतो. आजच सगळं वाचून टाकलं, तर उद्यां आजीला काय सांगूं?”

यंदा मीं तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आठवड्यास एक प्रकरण याप्रमाणें लावून दिली आहे. दर सोमवारीं तास सुरू होतांना पहिलीं दहा मिनिटें आम्ही गेल्या आठवड्याविषयीं बोलतों. दोघे-तिघे विद्यार्थी चोरून पुढें वाचून आले आहेत, हें त्यांच्या चेहऱ्यांवरून मला समजतें. मी कांहीं बोलत नाहीं. बाकीची मुलेंच त्यांना दटावतात कीं, पुढचें सांगूं नका. कादंबरी अजून निम्मीहि झालेली नाहीं.